अंजिराला दोन माणसं लागतात

११ ऑक्टोबर, शनिवार

मम्मा रोज दुपारी बाराच्या ठोक्याला वृद्धाश्रमातून फोन करते आणि बागेची झडती घेते. काल मी म्हटलं, टोमॅटो उपटले. लगेच विचारते, "काठ्या किती निघाल्या?" मला सांगता येईना. "म्हणजे उपटलेच नाहीस," म्हणाली. खरंच उपटले नव्हते. म्हणून ही वही काढली. जे केलं ते लिहायचं आणि फोनवर वाचून दाखवायचं.

तर आज: टोमॅटो उपटले. काठ्या एक्केचाळीस. मम्माने जुन्या पायमोज्यांच्या चिंध्या करून वेल बांधले होते, त्या गाठी सोडवता सोडवता नखं गेली. शेवटी कात्री घेतली. हे मात्र तिला सांगणार नाही, चिंध्या ती दर वर्षी पुन्हा वापरते.

बाग म्हणजे घरामागची सोळा फूट रुंद पट्टी, पलीकडे गल्ली. एवढ्याशा जागेत तिने द्राक्षांचा मांडव, घेवडा, लसूण, चिकोरीची पालेभाजी आणि कोपऱ्यात अंजीर, सगळं बसवलंय. एप्रिलमध्ये ती मागच्या पायऱ्यांवरून पडली, खुब्याचं हाड मोडलं. तेव्हापासून तिकडेच आहे. एकोणनव्वद वर्षांची आहे, पण डोकं माझ्याहून तल्लख.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

घेवड्याचे वेल काढले. वाळलेल्या शेंगांतलं बी डब्यात भरलं. मांडवाखालचा पाचोळा दाताळ्याने ओढला, कागदी पिशव्या सहा भरल्या.

मम्माने आज अंजिराचा विषय काढला.

"कधी झोपवतेयस त्याला?"

"अजून महिना आहे, मम्मा."

"एकटीने होत नाही ते. रिनोला फोन कर."

"बघू."

"बघू काय? नंबर लिहून घे."

मी पेन्सिल शोधायला गेल्याचं नाटक केलं.

अंजीर पप्पांनी इटलीतल्या कालाब्रियाहून येताना कोटाच्या अस्तरात काडी लपवून आणलं होतं. टोरोंटोच्या थंडीत ते उभं राहिलं तर मरतं. म्हणून दर नोव्हेंबरात एका बाजूची मुळं फावड्याने तोडायची, दुसऱ्या बाजूला चर खणायचा, फांद्या बांधून झाड हळूहळू आडवं करायचं आणि वर फळ्या, जुनी सतरंजी, पाचोळा, माती टाकून पुरायचं. एप्रिलमध्ये उठवायचं. एकाने दोर धरायचा, दुसऱ्याने खोड दाबायचं. पप्पा आणि रिनो करायचे. पप्पांनी अंथरूण धरल्यापासून मम्मा आणि शेजारचे बेंतो.

रिनो माझा भाऊ, सहा वर्षांनी लहान. हॅमिल्टनला राहतो, तासाच्या अंतरावर. अकरा वर्षांत आम्ही एक शब्द बोललेलो नाही. मम्माला भेटायला मी बुधवारी आणि रविवारी जाते, तो मंगळवारी. पप्पांच्या अंत्यविधीच्या दिवशी चर्चच्या पायऱ्यांवर, सगळ्या गोतावळ्यासमोर, त्याने मला खोटारडी म्हटलं होतं. हे मी गिळावं अशी मम्माची अपेक्षा आहे.

१९ ऑक्टोबर, रविवार

लसूण लावली, तीन ओळी. बेंतो कुंपणापलीकडून देखरेख करत होते. ऑगस्टमध्ये त्यांच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालं, आता वॉकरला धरून उभे राहतात आणि जगाला सल्ले देतात.

"शेंडा वर, बाई, शेंडा वर! पोर्तुगालात लसूण उलटी लावणाऱ्याला गावाबाहेर काढतात."

"तुम्हाला का काढलं मग?"

ते हसले. मग म्हणाले, "अंजिराचं काय? माझा जावई पाठवतो. रेड्यासारखा आहे. डोकंही तसंच, पण दोर धरेल."

मी हो म्हटलं. बरं झालं, सुटले.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

पहिलं गोठलेलं दहिवर पडलं. बेसिल एका रात्रीत काळीठिक्कर. उपटून टाकली. मिरच्यांची झाडं पण गेली.

मम्माला बेंतोंच्या जावयाचं सांगितलं. ती भडकली. "परक्याचा हात नको त्या झाडाला."

"इतकी वर्षं बेंतोंचा हात चालला की!"

"तेव्हा मी होते तिथे."

"मम्मा, झाडाला काय कळतंय कोण आहे ते?"

"झाडाचं तू मला शिकवू नकोस. घरचं माणूस पाहिजे. दोन मुलं जन्माला घातली मी, एक झाड आडवं करायला पुरी पडत नाहीत?"

म्हातारपणी माणसाला एकेका वस्तूचा ध्यास लागतो. आमच्याकडे कोण जेवलं, कोणाचा गुडघा दुखतो, हे तिला काही नाही, अंजीर तेवढं हवं. बेंतोंना नको म्हणून सांगितलं. ते कुंपणावर रेलले. म्हणाले, "तुझी आई फार हुशार बाई आहे." त्याचा इथे काय संबंध?

२ नोव्हेंबर, रविवार

पितरांचा दिवस. दफनभूमीत पांढरी शेवंती घेऊन गेले. पप्पांच्या थडग्यावर आधीच एक कुंडी होती, पिवळ्या शेवंतीची. दगड पुसलेला होता. म्हणजे तो काल येऊन गेला. मी माझी कुंडी दुसऱ्या बाजूला ठेवली.

लोक म्हणतात, मुलगा किती प्रेमळ. तीन वर्षं पप्पा अंथरुणात होते. त्यांना उठवणं, धुणं, भरवणं, सगळं मी केलं, शाळेच्या ऑफिसातली नोकरी अर्ध्या वेळेची करून घेतली. रिनो तेव्हा सडबरीला खाणीत होता, तीन महिन्यांनी यायचा, हातात मिठाईचा खोका, आणि पप्पा असे उजळायचे की जणू इतके दिवस खोलीत कोणी नव्हतंच. दोन तास बसायचा. पप्पांना हसवायचा. मग जायचा, आणि चादर मी बदलायची.

शेवटच्या गुरुवारी मी त्याला फोन केला होता. दोनदा केला. त्याने उचलला नाही. शुक्रवारी सकाळी पप्पा गेले.

५ नोव्हेंबर, बुधवार

द्राक्षवेल छाटली. बाहेरच्या नळाचं पाणी बंद करायचं राहिलं. कुंड्या तळघरात नेल्या.

तिकडे गेले तेव्हा मम्मा खिडकीशी बसली होती. हात खूप बारीक झालेत. मी तिची नखं कापली. कापताना म्हणाली, "मेना, तू माझी फार काळजी घेतेस." असं ती कधी बोलत नाही. मग म्हणाली, "अंजिराचं मनावर घे."

झालं. पुन्हा अंजीर.

८ नोव्हेंबर, शनिवार

सोमवारपासून बर्फ आणि कडाक्याची थंडी सांगितली आहे. जमीन गोठली की फावडं आत जात नाही. मम्माने बाराच्या आधीच फोन केला, तिनेही बातम्या ऐकल्या होत्या.

"रिनोला फोन केलास?"

"केला."

"कधी?"

"सकाळी. दोनदा केला. उचलला नाही त्याने."

पलीकडे चाललेल्या बातम्या तिने बंद केल्या.

"असं का," मम्मा म्हणाली. आणि तिने फोन ठेवला. बाय नाही, काही नाही.

उद्या मी एकटीच करणार आहे. बासष्टाव्या वर्षी मी काही मोडकी नाही. दोर मांडवाच्या खांबाला गुंडाळला की दुसऱ्या माणसाची गरजच काय?

९ नोव्हेंबर, रविवार

मोडलं.

१० नोव्हेंबर, सोमवार

काल पुढे लिहिता आलं नाही.

सगळं नीट चाललं होतं. फांद्या कपड्याच्या दोरीने बांधल्या, गल्लीच्या बाजूची मुळं तोडली, घराच्या बाजूला चर खणला. दोर खांबाला दोन वेढे देऊन ओढला तसं झाड वाकायला लागलं. अर्ध्यावर येऊन अडलं. आता एकाने दोर ताणून ठेवायचा आणि दुसऱ्याने जाऊन खोडाखालचं मूळ सैल करायचं, हे मला माहीत होतं. पप्पा ओरडायचे, "थांब, थांब, रिनो, घाई नको." मी दोर खांबाला बांधला, गेले, आणि खोडावर गुडघा ठेवून दाबलं. सुकी काठी मोडावी तसा आवाज नव्हता तो. ओला होता. जमिनीपासून वीतभर वर खोड उभं चिरलं आणि झाड आपोआप चरात पडलं. चिरेतून पांढरा चीक आला.

बेंतो कुंपणाशी होते. एवढा बोलका माणूस, नुसती टोपी काढली.

मी पायरीवर बसले. मग आत येऊन ही वही उघडली आणि मागची पानं वाचली.

२ तारखेला लिहिलंय ते खरं नाही.

मी रिनोला फोन केला नव्हता. एकदाही नाही. त्या गुरुवारी सकाळी डॉक्टर येऊन गेले आणि म्हणाले, नातेवाइकांना बोलवा. मी फोनपाशी गेले. मग मनात आलं, उद्या करू. एक दिवस. पप्पा तसे रविवारपर्यंत राहतील. एक दिवस ते नुसते माझे असू देत. तो आला असता की पुन्हा तेच झालं असतं, खोका, हसणं, आणि मी चादरी घेऊन दारात. म्हणून नाही केला. मम्मा दिवसभर चर्चमध्ये मेणबत्त्या लावत होती, तिला सांगितलं, केलाय. आणि मग शुक्रवारी सगळ्यांना तेच सांगत गेले, दोनदा केला, उचलला नाही. इतक्या वेळा सांगितलं की वहीत एकटीने लिहितानासुद्धा तेच लिहिलं. परवा मम्माला तेच शब्द सांगितले.

तो पायऱ्यांवर मला खोटारडी म्हणाला तेव्हा मी खोटंच बोलत होते.

दुपारी बाराला मम्माचा फोन आला. मी उचलला नाही. तिने दिलेला रिनोचा नंबर लिहून घेतला नव्हता, पण तो ती दर वर्षी भिंतीवरच्या कॅलेंडरवर मोठ्या अक्षरांत लिहायची, अकरा वर्षं स्वयंपाकघरात माझ्या डोळ्यांसमोर आहे. तोच फिरवला.

"हॅलो."

"मेना बोलतेय."

त्याने घाबरून विचारलं, "मम्मा?"

"मम्मा बरी आहे. अंजीर मोडलं."

"कोणी?"

"मी. एकटीने करत होते."

"मुळापासून गेलं की वर?"

"वीतभर वर."

"वरचं कापू नकोस. बुंध्यावर गोणपाट टाक, आज रात्री गोठेल. उद्या येतो."

११ नोव्हेंबर, मंगळवार

आठ वाजता गल्लीत गाडी थांबली. मी खिडकीतून पाहिलं आणि क्षणभर वाटलं पप्पाच आले. तीच चाल, एक खांदा खाली. केस सगळे पांढरे. मी त्याला शेवटचं पाहिलं तेव्हा ते काळे होते.

"करवत कुठाय?" एवढंच म्हणाला.

आम्ही तासभर काम केलं. त्याने चिरलेलं खोड खाली निरोगी लाकडापर्यंत कापलं, काप तिरका ठेवला, पाणी साचू नये म्हणून. मी फांद्या तोडून बांधल्या. पालिकेच्या गाडीसाठी रस्त्यावर लावलेल्या माझ्या पाचोळ्याच्या पिशव्या तो परत घेऊन आला आणि बुंध्यावर रिकाम्या केल्या. वर सतरंजी, वर माती, वर ताडपत्री. विटा मी आणून दिल्या.

"जगेल का?" मी विचारलं.

"मुळं शाबूत आहेत. एका बाजूची. फुटेल बहुतेक. फळ धरायला तीनचार वर्षं."

मम्मा एकोणनव्वद वर्षांची आहे. हे दोघांच्याही मनात आलं असणार.

तो नळाशी फावडं धुवायला वाकला. मी म्हटलं, "रिनो, त्या गुरुवारी मी तुला फोन केला नव्हता."

त्याने मान वर केली नाही. फावडं धूतच राहिला. "माहीत आहे."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. मी त्या आठवड्यात खाणीत नव्हतोच, मेना. पाठ धरली होती. घरी आडवा पडून होतो, फोन छातीवर ठेवून. कारण मला वाटतच होतं की येईल." त्याने नळ बंद केला. "पायऱ्यांवर ओरडलो ते चुकलं माझं. लोकांसमोर नको होतं. घरी गेल्यावर वाटलं, आठवड्यात सांगेल ही. मग वाटलं नाताळला सांगेल. मग नाताळ पण गेला."

"तू विचारायचं होतंस."

"मी विचारायचं?"

बरोबर आहे.

"मम्माला माहीत आहे?"

"मीच सांगितलं होतं तिला. ती म्हणाली, तिच्या तोंडून येऊ दे."

बेंतोंच्या घराचं दार बंद झाल्याचा आवाज आला. ते उघड्यावर उभे होते आणि आत गेले, मुद्दाम.

मग रिनोने विचारलं. मला माहीत होतं तो विचारणार. "पप्पा काही म्हणाले? माझ्याबद्दल?"

मी खोटं बोलू शकले असते. झोपेतच गेले म्हणून सांगता आलं असतं. पण आता पुन्हा नाही.

"तीनदा विचारलं त्यांनी. रिनो आला का. मी म्हटलं, निघालाय."

"निघालाय म्हणालीस?"

"हो."

"म्हणजे ते वाट बघत होते."

"हो."

तो मांडवाच्या खांबाला हात टेकून उभा राहिला. मी कॉफी आणायला आत गेले, कारण तिथे उभं राहवेना. दोन कप भरून बाहेर आले तर फावडं, करवत, कुदळ भिंतीला ओळीने लावलेली होती आणि गल्लीत गाडी सुरू झाली होती.

१६ नोव्हेंबर, रविवार

मंगळवारपासून मम्माचा बाराचा फोन आला नाही, आणि बुधवारी जायचा मला धीर झाला नाही. मीच करायची, ती म्हणायची, "ठीक आहे मी, झोप येतेय."

आज गेले तर खोलीत रिनो बसलेला. रविवार माझा, हे त्याला पक्कं माहीत आहे. मला पाहून उठला नाही. मी पलंगाच्या दुसऱ्या बाजूला खुर्ची ओढली. मम्मा मध्ये. तिने माझ्या हातची घेवड्याची आमटी आणि पास्ता अख्खा वाडगा संपवला, मदतनीस म्हणाली, महिन्यात पहिल्यांदा.

मी येताना बसमध्ये सगळं ठरवून आले होते: अंजिराचं विचारलं की सरळ सांगायचं, मोडलं, माझ्यामुळे. पण तिने विचारलंच नाही. दोन तास बसलो. तिने रिनोला विचारलं, जेवतोस ना नीट? मला विचारलं, केस कापलेस का? आमच्याकडे आळीपाळीने बघत होती आणि पांघरुणाच्या काठाशी चाळा करत होती. अंजिराचं नावसुद्धा नाही. शेवटी मीच न राहवून म्हटलं, "मम्मा, अंजीर..."

"असू दे गं अंजीर," ती म्हणाली आणि डोळे मिटून घेतले.

सहा आठवडे डोकं खाल्लं माझं त्या झाडावरून! विसरली असेल. शेवटी वय झालंय तिचं. डॉक्टरांच्या कानावर घालायला हवं.

बाहेर पार्किंगमध्ये मी रिनोला विचारलं, "नाताळला येशील?"

किल्ली हातात घेऊन तो उभा राहिला. "माहीत नाही. खोटं सांगणार नाही तुला. तो फोन केला नाहीस, ते मी केव्हाच सोडून दिलं होतं. पण हे 'निघालाय'... रोज सकाळी उठलो की तेच ऐकू येतं."

"रिनो..."

"तीन वर्षं तू केलंस त्यांचं. मी एकदाही तोंडाने बोललो नाही, ते माझं चुकलं. आज बोलतोय. पण याने ते फिटत नाही, आणि त्याने हे फिटत नाही." मग गाडीत बसला आणि काच खाली केली. "बाहेरच्या नळाचं पाणी बंद केलंयस का? नाहीतर पाइप फुटेल."

"केलं."

"बरं."

घरी येऊन पाहिलं तर केलं नव्हतं. तळघरात जाऊन आधी त्या नळाच्या पाइपची चावी फिरवली, मग बाहेरचा नळ उघडून उरलेलं पाणी सोडून दिलं. मग त्याला फोन करून सांगितलं की मघाशी केलं नव्हतं, आता केलं. तो म्हणाला, "अच्छा." आणि थोडा वेळ दोघांनीही फोन ठेवला नाही.

आता स्वयंपाकघरात बसून लिहितेय. बाहेर बारीक बर्फ पडतंय. एकच हिशेब डोक्यात फिरतोय. सडबरीहून इथवर साडेचार तास लागतात. डॉक्टर गेले तेव्हा गुरुवारचे दहा वाजले होते. मी तेव्हा फोन उचलला असता, तर रिनो पाठ धरून, कण्हत का होईना, चारपर्यंत या दारात असता. पप्पा शुक्रवारी सकाळी सहाला गेले. अख्खी संध्याकाळ मिळाली असती दोघांना. आणि मलाही, कारण पप्पा हसले असते, आणि मी दारात उभी राहून ते ऐकलं असतं.